विष्णुपंत आणि उत्तरेची भिंत

विष्णुपंत आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, ते नमस्कार-चमत्कार न करता सरळ एका रिकाम्या खाटेकडे गेले. पायातले पंपशू काढले, टोपी उशाशी ठेवली आणि आडवे झाले. हात छातीवर, डोळे सताड उघडे. मला वाटलं, गंभीर केस. मी नाडी बघायला धावलो. पंतांनी मनगट सोडवून घेतलं आणि वर बोट केलं.

"कंपाउंडर, ते काय आहे?"

"पाल," मी म्हणालो.

"किती दिवस आहे?"

मला काय माहीत? चार वर्षं मी तिथे नोकरी करत होतो, पण वर बघायचा प्रसंग कधी आला नव्हता.

"तुमच्या पेशंटला विचारा. त्याला ती पहिल्या दिवसापासून दिसते. दुसरं काही दिसतच नाही त्याला," असं म्हणून पंत उठले आणि शेजारच्या खाटेकडे वळले. तिथे मूळव्याधीचा एक पेशंट होता. त्याला त्यांनी थोडं सरकायला सांगितलं.

हे गृहस्थ कोण, तर आमच्या नव्या इमारतीचे ओव्हरसियर. साताऱ्यातला आमचा धर्मादाय दवाखाना तोवर धान्याच्या एका जुन्या कोठारात चालत असे. आत शिरलं की आयोडिनच्या आधी जोंधळ्याचा वास यायचा. मग गावाबाहेर जागा मिळाली, कमिटी झाली आणि कमिटीला बांधकामातला माणूस हवा झाला. विष्णुपंत सांगलीकडे तीसेक वर्षं ओव्हरसियरी करून पेन्शनीत निघाले होते, साताऱ्यात एक खोली घेऊन एकटेच राहत होते आणि मुख्य म्हणजे फुकट काम करायला तयार होते. लढाईचे दिवस. सिमेंट कंट्रोलमध्ये, लोखंड मिळेल तर शपथ, आणि शहाणा इंजिनियर तर त्याहून मिळत नव्हता. तेव्हा कमिटीने पंतांना नेमलं. ते खाटांवर निजत फिरतात ही गोष्ट कमिटीला नंतर कळली.

पंतांच्या कोटाच्या एका खिशात ओळंबा असे आणि दुसऱ्यात टेप. ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ते. पंत तो कुठेही सोडत. माझ्या औषधांच्या कपाटाला लावून त्यांनी ते दीड इंच कललंय असं सांगितलं आणि त्या दिवसापासून मला कपाटाशेजारी उभं राहायची भीती वाटायला लागली. बोलताना त्यांची दोनच वाक्यं पालुपदासारखी येत. एक, "निजून बघा." आणि दुसरं, "कागदावर कुणी आजारी पडत नसतं."

पुण्याहून एका बड्या माणसाने करून पाठवलेला नकाशा कमिटीत मांडला, तेव्हा पंतांनी तो टेबलावरून उचलला, जमिनीवर पसरला आणि त्याच्यावर उताणे झाले. सगळे सभासद पाय वर घेऊन बसले. "इथे खाट. इथे माझं डोकं. आता मला खिडकीतून काय दिसतं? आकाशाची चिंधी. खिडकीची खालची कड साडेचार फुटांवर. ही खिडकी उभ्या माणसासाठी आहे. उभा माणूस दवाखान्यात कशाला येईल?"

आमचे अध्यक्ष दादासाहेब म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडचे मोठे बागायतदार. पन्नास बिघे ऊस. नुकत्याच वारलेल्या आईच्या नावाने ते हा दवाखाना बांधत होते. ते वाकून म्हणाले, "आवं पंत, उठा आता. नकाशा चुरगळला."

नकाशा नुसता चुरगळला नाही, बदलला.

आमच्या सलोमीबाई नर्सच्या पायांचाही पंतांना फार कळवळा. बाई स्वतः कधी तक्रार करत नसत, म्हणून पंतांनी पुरावा गोळा करायचं ठरवलं. सलोमीबाईंच्या एप्रनच्या खिशात त्यांनी ओंजळभर जोंधळा घातला आणि सांगितलं, वॉर्डातून औषधाच्या खोलीत जाल तेव्हा दर खेपेला एक दाणा खिडकीतल्या वाटीत टाका. दिवस मावळायच्या सुमारास पंत वाटी बघायला आले तर तीन दाणे. दिवसभर चिमण्यांनी इमानेइतबारे टिपले होते. दुसऱ्या दिवशी पंतांनी वाटीवर झाकण ठेवलं आणि मग जो हिशेब निघाला तो कमिटीत उभं राहून वाचला. "या बाई रोज साताऱ्याहून निघतात आणि मेढ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत जाऊन येतात. आणि असतात दवाखान्यातच."

सलोमीबाई लाजून चूर झाल्या. नव्या इमारतीत माझी औषधाची खोली बरोबर मध्यावर आली. बाईंचं चालणं निम्म्यावर आलं आणि माझी दुपारची झोप पार गेली. पूर्वी बाईंची चप्पल लांबून वाजायची, तेवढ्यात मी डोळे चोळून बाटली हातात घेऊन उभा असे. आता चप्पल वाजायच्या आत बाईच दारात उभ्या राहत. पंतांचं आणि माझं पहिलं भांडण यावरून झालं.

पण त्यांचा जीव होता तो खिडक्यांत. वॉर्ड लांबलचक, पूर्व-पश्चिम. बारा खाटा पुरुषांच्या, मग एक आडभिंत, मग सहा बायकांच्या. खाटांची डोकी उत्तरेच्या भिंतीला आणि समोर, पायांकडे, दक्षिणेला ओळीने खिडक्या. खिडकीची कड खाटेच्या उंचीला. निजल्या निजल्या माणसाला अख्खा अजिंक्यतारा दिसावा, हिरवा असला तर हिरवा, करडा असला तर करडा. उत्तरेची भिंत मात्र कोरी ठेवली होती, कारण तिकडे गाडीतळ. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. बैलगाडी येते, आणि गाडीत पेशंटबरोबर आई, चुलती, भाऊ, शेजारी, भाकरीचं पीठ आणि क्वचित एखादी दुभती शेळीही. ही सगळी मंडळी तीन दगडांच्या चुली मांडून गाडीतळावर मुक्काम ठोकत. धूर, धूळ, गलका. पंत म्हणत, आजाऱ्याला शांतता हवी, झाड हवं, डोंगर हवा. हा पसारा त्याच्या डोळ्यांआड असलेला बरा.

ते प्रत्येक खाटेच्या जागी चटई टाकून निजले होते. अठरा जागा, अठरा वेळा. अमुक खाटेवरून किल्ल्याचा बुरूज दिसत नाही म्हणून त्यांनी गवंड्याकडून एक खिडकी पाडून चार इंच सरकवून घेतली. गवंडी मला म्हणाला, "लय इमारती बांदल्या मी. पर मालक दिसभर उताणा आन् मी उभा, असं काम न्हाई केलं कवा."

उद्‌घाटन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट नव्या वॉर्डात हलवले. पंत दारात उभे. बाराच्या बारा पेशंट खाटांवर ताठ बसले होते आणि समोर बघत होते. ज्याला बसायची बंदी होती तोही बसला होता. पंतांनी मला कोपराने ढोसलं. "बघा कंपाउंडर, डोळे मिटवत नाहीत. किल्ला निजू देत नाही त्यांना."

दुपार झाली तरी कुणी आडवा होईना. हार्नियाचा एक पेशंट घामाने निथळत होता, पण बसलेला. पंत खूश होऊन घरी जेवायला गेले.

पाचव्या खाटेवर उंब्रजकडचे एक सुभेदार होते. पाय मोडलेला, मिशा शाबूत. पलटणीत जन्म गेलेला माणूस, एवढा वेळ त्यांनी शिस्तीत काढला, मग त्यांनी खाकरून वॉर्डाला विचारलं, "का रं गड्यांनो, कंबरडी मोडली न्हाईत का?"

"मोडली की," हार्नियावाला म्हणाला. "पर दक्षिनंकडं पाय करून निजायचं कसं? तकडं यम हाय. आदीच दवाखाना, वर यमाच्या अंगाला पाय."

"मग बसून मरायचं व्हय? समदे ऐका. स्क्वाड, अबाउट टर्न."

आणि सलोमीबाई गरम पाणी घेऊन आत आल्या तेव्हा बाराच्या बारा पेशंट उशा फिरवून पायथ्याकडे डोकी करून गाढ झोपले होते. संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. आमचे डॉक्टर कामात हुशार, पण नजरेने अधू आणि सवयीने पक्के. उशाशी जायचं, न बघता मनगट धरायचं, घड्याळ काढायचं. त्यांनी पहिल्या पेशंटचा घोटा धरला आणि चक्क पाऊण मिनिट मोजला. दुसऱ्याला म्हणाले, जीभ बघू, आणि समोर तळवा आला. सुभेदारांचं प्लॅस्टर बघायला त्यांनी पायथ्याची चादर उचलली तर खालून मिशा निघाल्या.

"कुणी केलं हे?" डॉक्टर ओरडले.

"आपल्या शास्त्रानं, साहेब," सुभेदार निजूनच सॅल्यूट ठोकत म्हणाले.

पंतांना मी घरी जाऊन सांगितलं. ते पाटावर बसले होते, तसेच बसून राहिले. जन्मभर स्वतःच्या घरात दक्षिणेला पाय करून न निजलेला हा माणूस दवाखान्यात अठरा वेळा दक्षिणेला पाय करून निजला होता आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. किल्ल्यापुढे यम विसरले. "आणि आता त्यांना काय दिसतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "उत्तरेची भिंत." पंतांनी जेवण तसंच बाजूला सारलं. मला त्यांची दया आली, पण खरं सांगतो, वाटेत येताना मी सुभेदारांच्या मिशा आठवून इतका हसलो होतो की चेहरा गंभीर ठेवायला कष्ट पडत होते.

पुढचे पंधरा दिवस तोडगे निघत होते. खाटा आडव्या लावून डोकी पूर्वेला करावीत, तर बाराच्या जागी सहा मावत. डॉक्टर म्हणाले, उरलेले सहा तुमच्या खोलीवर ठेवा. दादासाहेबांनी तोड काढली की उत्तरेच्या भिंतीवरच किल्ला रंगवून घ्यावा. गाड्यांच्या मागे मोर रंगवणारा एक पेंटर आणला. त्याने किल्ला काढला, वाढत्या उत्साहात पायथ्याला एक वाघही काढला, आणि तापातल्या एका पेशंटने तिसऱ्या दिवशी तो वाघ खाटेखाली शिरला म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला. भिंतीला परत चुना लावला.

पंतांचं एकच म्हणणं होतं, उत्तरेची भिंत फोडा, तिकडेही खिडक्या काढा. यात अडचण दादासाहेबांची. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यावरून दिसेल असा, त्यांच्या आईच्या नावाचा संगमरवरी दगड बसवला होता. खिडक्या काढायच्या तर दगड काढावा लागणार.

"पंत, सगळं मागा. आईचं नाव हलवायचं न्हाई," दादासाहेब म्हणाले.

"हलवू नका. फक्त एकदा निजून बघा."

दादासाहेबांनी फेटा उतरवला आणि एका मोकळ्या खाटेवर, शास्त्राप्रमाणे दक्षिणेला डोकं करून, निजले. आम्ही सगळे बाहेर गेलो. भिंतीपलीकडे, गाडीतळावर, दादासाहेबांची गाडी सोडलेली होती. त्यांच्या पत्नी कुणाशी तरी बोलत होत्या, गाडीवान हसत होता, बैलाने कुठेतरी शेपूट मारल्यावर भांडं पडलं. जरा वेळाने आतून आवाज आला, "कोन हाय तकडं?" आम्ही गप्प. "काय पडलं?" आम्ही गप्प. "आरं, कशाला हसताय?" मग खाट करकरली आणि दादासाहेब फेटा हातात घेऊन दारात आले.

"आई शेवटची दोन वर्सं खाटंवर हुती," ते म्हणाले. "सारखी इचारायची, कोन आलं, कोन गेलं. मी म्हनायचो, गप पड. फोडा भिंत. दगूड दारावर बसवा."

महिन्याभरात उत्तरेला खिडक्या झाल्या. बायकांच्या बाजूला अर्धा पडदा, ज्यांना हवा त्यांनी ओढावा. आणि मग आमच्या दवाखान्यात जी जत्रा सुरू झाली ती काय सांगावी. सुभेदार खाटेवरून बायकोला भाजीत तिखट किती घालायचं याचे हुकूम सोडत. ती बाहेरून, "आवं, तुमी निजा की," म्हणत दुप्पट घालत असे. हार्नियावाल्याला त्याचा बैल दिसायचा, बैलालाही तो दिसत असावा, कारण बैल सारखा खिडकीत तोंड घालायचा. खिडकीतून भाकरी आत जायची, निरोप बाहेर यायचे. डॉक्टरांनी पथ्यावर पाणी सोडलं. एक जण बरा झाला तरी घरी जाईना, कारण शेजारच्या गाडीतल्या सोयरिकीचं अजून ठरायचं होतं. अजिंक्यताऱ्याकडे ढुंकूनही कुणी बघत नसे. पंत हे सगळं बघत वॉर्डात येरझारा घालत आणि मला म्हणत, "चुकलो कंपाउंडर. मी त्यांना डोंगर दाखवायला निघालो होतो." पण एवढा आनंदाने चुकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर त्यांनी नवं खूळ काढलं. रोज अकराला यायचं, माझ्या खोलीतलं स्टूल उचलायचं आणि गाडीतळावर बायकांच्या वॉर्डासमोर मांडून पाचपर्यंत बसायचं. वाचन नाही, बोलणं नाही. चुलींचा धूर तोंडावर घेत नुसते बसलेले. मी विचारलं, भिंत कलली का? ते म्हणाले, नाही. बायामाणसांत कुजबुज व्हायला लागली, म्हणून मी सलोमीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शेवटच्या खिडकीशी मेढ्याकडची एक म्हातारी आहे, बायजाबाई. मांडीचं हाड मोडलेलं. पुतण्या गाडीतून सोडून गेला तो फिरकलाच नाही. सगळ्यांची माणसं समोर असतात, तिचं कुणी नव्हतं. म्हणून पंत बसतात.

"पण तिला तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत," मी म्हणालो.

"मी सांगितलं त्यांना," सलोमीबाई म्हणाल्या. "म्हणाले, असू देत."

एक दिवस पंत माझ्याकडे आले. "उद्या सांगलीला जातोय, भावाकडे. बायकोचं श्राद्ध. अकरा ते पाच तुम्ही बसा."

"आणि करायचं काय?"

"काही नाही. दिसायचं."

मी थट्टेत म्हणालो, "पंत, म्हातारीला चार हातांवरचं दिसत नाही. मी काय, स्टूल काय, तिला सारखंच."

पंत स्टुलावर बसले. खिशातला टेप काढून उगीच उलगडत म्हणाले, "सांगलीकडे एक दवाखाना मी बांधला. नोकरीत नवा होतो. बायकांचा वॉर्ड, म्हणून खिडक्या सहा फुटांवर ठेवल्या. नकाशात तसंच होतं. भिंत दोन फूट जाड, चुना मी स्वतः उभं राहून घोटून घेतलेला. पुढे आमची ही त्याच वॉर्डात पडली. दोन महिने. पुरुषांना आत जायला रविवारी एक तास. बाकी दिवस मी बाहेर, त्या भिंतीला टेकून बसायचो, सकाळपासून. आया तिला सांगायची, बाई, बसलेत बाहेर. तिला वाटायचं, समजूत घालतेय. दर रविवारी पहिला प्रश्न एकच. येत का नाही तुम्ही? मी खाकरायचो, मोठ्याने नाव घ्यायचो. भिंत चांगली बांधली होती हो. आवाज जात नव्हता."

टेप परत गुंडाळत ते म्हणाले, "ती गेली तेव्हाही मी बाहेरच होतो. चार हातांवर."

इतके महिने मी या माणसाच्या नकला करून मित्रांना हसवत होतो, त्याची मला लाज वाटली. मी म्हणालो, "बसतो."

दुसऱ्या दिवशी मी स्टूल घेऊन बसलो. ऊन मी म्हणत होतं. बाहेरून खिडकीत नुसता अंधार दिसतो, आत कोण बघतंय, कोण झोपलंय, काही कळत नाही. भाकऱ्या थापणाऱ्या बाया माझ्याकडे बघून पदरात हसत होत्या. दुपारी तीनच्या सुमाराला सलोमीबाई लगबगीने बाहेर आल्या.

"बायजाबाई विचारतायत, आमचं मानूस आज का न्हाई आलं? आजारी हाय का? आणि म्हणतात, हा कोन पावना उनात बसवलाय, त्याला म्हनावं झाडाखाली सरक."

मी झाडाखाली सरकलो.

पंत तिसऱ्या दिवशी सांगलीहून परतले ते स्टँडवरून सरळ दवाखान्यात, हातात पिशवी तशीच. मी त्यांना बायजाबाईंचा निरोप शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा सांगायला लावला. मग टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे दिसतं तिला," ते म्हणाले.

आणि अकरा वाजायला अजून अर्धा तास होता, तरी ते स्टूल उचलून बाहेर गेले.